स्वस्त गोळी आणि दुसऱ्या दिवसाची गुंगी

फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने आपल्या देशात परीक्षांचे असतात. शालान्त व उच्च माध्यमिक मंडळांच्या परीक्षा, विद्यापीठांच्या अनेक परीक्षा आणि काही प्रवेशपरीक्षा याच सुमारास होतात. निसर्गाचे वेळापत्रकही नेमके असे की, उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात हवेतील परागकणांचा वसंतातील भर याच काळात येतो. दुसरा भर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो. यात विलायती बाभळीसारखी झाडे आहेत, निरनिराळी गवते आहेत आणि गाजरगवतही आहे. आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाणारे व १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे.

परिणामी ऐन अभ्यासाच्या दिवसांत शिंका, वाहणारे नाक आणि चुरचुरणारे डोळे घेऊन असंख्य विद्यार्थी औषधाच्या दुकानात जातात व 'सर्दीची गोळी' मागतात. गोळी स्वस्त असते आणि ती कामही करते. रात्री नाक मोकळे होते, झोप लागते. अडचण सुरू होते ती दुसऱ्या दिवशी. डोळ्यांवर झापड असते, वाक्य दोनदा वाचावे लागते, सोप्या बेरजेत हातचा विसरला जातो.

अर्थशास्त्रात वस्तूची बाजारातील किंमत आणि तिचा खरा खर्च यांत भेद केला जातो. एक पर्याय निवडल्यामुळे जे गमवावे लागते, तो त्या निवडीचा संधी खर्च होय. सर्दीच्या स्वस्त गोळीचा संधी खर्च दुसऱ्या दिवशीच्या सावधपणात मोजावा लागतो आणि तो वेष्टनावर छापलेला नसतो. प्रस्तुत लेखक वैद्यक नाही. त्यामुळे कोणते औषध किती घ्यावे हा निर्णय डॉक्टरांचाच. मात्र हा खर्च का येतो, तो किती काळ टिकतो आणि कसा कमी करता येतो, हे समजून घेण्यास वैद्यक असण्याची आवश्यकता नाही.

गुंगी का येते?

ॲलर्जीच्या वेळी शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. ते नाकातील व त्वचेतील 'एच-१' ग्राहींवर बसते आणि शिंका, खाज, पाणी ही लक्षणे निर्माण होतात. या ग्राहींवर आधीच जाऊन बसणारे व हिस्टामिनचे कार्य रोखणारे औषध म्हणजे अँटिहिस्टामिन. या वर्गातील पहिले संयुग दानियल बोव्हे व ॲन-मारी स्टॉब यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३७ मध्ये शोधले. बोव्हे यांना १९५७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० च्या दशकात या वर्गातील औषधे सर्रास वापरात आली.

परंतु हिस्टामिनचे एक कार्य मेंदूतही आहे. हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी जागेपणी हिस्टामिन सोडत राहतात व त्यामुळे आपण सावध असतो. झोपेत त्या जवळपास स्तब्ध होतात. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही पहिल्या पिढीची औषधे रक्त व मेंदू यांमधील संरक्षक पटल सहज ओलांडतात आणि तेथील ग्राहीही अडवून ठेवतात. म्हणजे नाकातील हिस्टामिन रोखताना ती मेंदूतील जागेपणाचा दिवाही मंद करतात. गुंगी हा या औषधांचा अपघाती दोष नसून त्यांच्या कार्यपद्धतीचाच भाग आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन, सेटिरिझिन ही दुसऱ्या पिढीची औषधे मेंदूत फारच अल्प प्रमाणात शिरतात. शिरलेला अंशही परत बाहेर टाकला जातो. जपानमधील काझुहिको यानाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या विशेष प्रतिमा घेऊन कोणते औषध मेंदूतील किती टक्के ग्राही व्यापते, हे मोजले. त्यावरून औषधांची तीन गटांत विभागणी करण्यात आली : निम्म्याहून अधिक ग्राही व्यापणारी ती गुंगी आणणारी, २० ते ५० टक्के व्यापणारी ती कमी गुंगी आणणारी आणि २० टक्क्यांहून कमी व्यापणारी ती गुंगी न आणणारी. दुसरी पिढी पूर्णतः निर्दोष आहे, असे मात्र नाही. सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅम मात्रेने अमेरिकेतील चाचण्यांत सुमारे १४ टक्के लोकांना पेंग आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. या गोळीने 'झोप येतच नाही' ही समजूत म्हणूनच बरोबर नाही.

अर्धायुष्याचे गणित

'गोळी रात्री घेतली, झोपेत तिचा अंमल संपला' असे बहुतेकांना वाटते. हे खरे असते तर या लेखाचे प्रयोजनच उरले नसते. शरीरातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. क्लोरफेनिरामिनचे अर्धायुष्य प्रौढांमध्ये साधारणतः २० ते २४ तास असते आणि व्यक्तीव्यक्तींत त्यात मोठा फरक आढळतो. रात्री १० वाजता ४ मिलिग्रॅमची गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता परीक्षा असली, तर मधले तास १३. त्या वेळी सुमारे दोन तृतीयांश औषध अद्याप शरीरात शिल्लक असते.

आता हीच गोळी रोज रात्री एक याप्रमाणे चालू ठेवली तर काय होईल? हिशेब सोपा जावा म्हणून अर्धायुष्य २४ तास धरू. पहिल्या रात्री ४ मिलिग्रॅम. दुसऱ्या रात्री उरलेले २ अधिक नवे ४, म्हणजे ६. तिसऱ्या रात्री ३ अधिक ४, म्हणजे ७. चौथ्या रात्री साडेसात. ही भूमितीय श्रेढी असून ती ८ या मर्यादेकडे सरकते. म्हणजे एक गोळी घेणाऱ्याच्या शरीरात आठवड्याभरात जवळपास दोन गोळ्यांइतके औषध रात्री असते व सकाळीही त्यातील बराच भाग असतो. काही दिवसांनी शरीर या औषधाला अंशतः सरावते व पेंग कमी वाटू लागते, हे खरे आहे. परंतु हा सराव प्रत्येकाला सारखा होत नाही.

डायफेनहायड्रामिनचे अर्धायुष्य तुलनेने कमी, सुमारे ९ तासांचे आहे. तरीही रात्री ५० मिलिग्रॅम घेतल्यानंतर बारा तासांनी मेंदूतील ४० टक्क्यांहून अधिक ग्राही अडलेले होते, असे जपानमधील एका अभ्यासात २०१० मध्ये दिसून आले.

रात्री क्लोरफेनिरामिन व सकाळी गुंगी न आणणारी गोळी अशी विभागणीही १९९० च्या दशकात अमेरिकेत तपासण्यात आली. दिवसाची गुंगी तिने टळली नाही. रात्रीच्या झोपेचा दर्जाही या औषधांनी घटतो. स्वप्नांची म्हणून ओळखली जाणारी निद्रावस्था उशिरा येते व तिचा काळ कमी होतो. वाचलेले स्मृतीत पक्के होण्याची प्रक्रिया झोपेशी निगडित असल्याने, आठ तास झोपूनही ताजेतवाने न वाटण्यामागचे हे एक कारण होय.

ज्याला गुंगी आहे, त्यालाच ती कळत नाही

मी पदव्युत्तर परीक्षेला बसलो त्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली होती. पेपर उत्तम गेला, असे मी घरी येऊन सांगितले आणि ते मनापासून सांगितले. गुण आले तेव्हा कळले की एका संपूर्ण प्रश्नात मी सरासरी व मध्यक यांची अदलाबदल केली होती. दोष सर्वस्वी गोळीचा होता असा दावा मी करणार नाही. एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी पुढे तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले आहे. खटकले ते हे की, आपण सावध नव्हतो याचा मला त्या दिवशी पत्ताच नव्हता.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात या प्रश्नाचा रीतसर अभ्यास झाला व तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲलर्जी असलेल्या ४० वाहनचालकांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, मद्य आणि औषधविरहित गोळी देऊन वाहनचालनाच्या आभासी यंत्रावर बसविण्यात आले. मद्याची मात्रा रक्तात सुमारे ०.१ टक्का होईल इतकी होती. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ ने ठरविलेल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. एकंदर चालन सर्वांत वाईट ठरले ते मद्यानंतर नव्हे, तर डायफेनहायड्रामिननंतर. फेक्सोफेनाडिन घेतलेल्या दिवशी चालन औषधविरहित दिवसासारखेच होते. आणि 'मला किती पेंग येते आहे' याविषयी चालकांनी दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्या प्रत्यक्ष चुकांचा अंदाज नीट बांधता येत नव्हता.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ब्रिटनमधील २००७ चा अभ्यास अधिक बोलका आहे. १५ ते १७ वयोगटातील १,८३४ विद्यार्थ्यांच्या हिवाळ्यातील सराव परीक्षेची श्रेणी व उन्हाळ्यातील अंतिम परीक्षेची श्रेणी यांची तुलना करण्यात आली. ज्यांची श्रेणी घसरली त्यांच्यात परीक्षाकाळात परागज्वराची लक्षणे असण्याची शक्यता इतरांच्या १.४ पट, तर गुंगी आणणारे अँटिहिस्टामिन घेतलेले असण्याची शक्यता १.७ पट होती. येथे एक सावधगिरी हवी. ज्यांचा त्रास अधिक तीव्र तेच बहुधा गोळी घेतात. त्यामुळे घसरणीचा किती भाग आजाराचा व किती औषधाचा, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

तरीही या अभ्यासाचा अर्धा संदेश नेहमी दुर्लक्षित राहतो. तो असा की, उपचार न घेणे हाही फुकटचा पर्याय नाही. नॉर्वेमध्ये परीक्षेच्या दिवसागणिक बदलणाऱ्या परागकणांच्या प्रमाणाचा उपयोग करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परागकण अधिक असलेल्या दिवशी गुण काहीसे कमी पडतात असे आढळले. रात्रभर नाक चोंदलेला विद्यार्थी सकाळी ताजा नसतोच. तेव्हा 'गोळी की शिंका' असा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे. कोणती गोळी, केव्हा आणि गोळीऐवजी आणखी काही आहे का, असा तो मांडावयास हवा.

खर्च कमी करण्याचे मार्ग

सर्वप्रथम, आपण काय घेत आहोत हे पाहावे. 'सर्दीची गोळी' हे औषधाचे नाव नव्हे. पट्टीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तापावरील पॅरासिटामॉल, नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचे मिश्रण आपल्या बाजारात फार प्रचलित आहे. कित्येकदा त्यात थोडे कॅफिनही घातलेले असते. कॅफिन आहे म्हणजे गुंगी फिटली, असे समजू नये. तो अंश अल्प असतो व काही तासांत ओसरतो. क्लोरफेनिरामिन मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. वरून चहा-कॉफीचे पेले वाढविल्यास हात थरथरतात व पुढची रात्रही बिघडते. खोकल्याच्या अनेक औषधांत हेच अँटिहिस्टामिन असते. गोळी व खोकल्याचे औषध दोन्ही घेणारा नकळत दुप्पट मात्रा घेत असतो.

दुसरा मुद्दा गोळीच्या वेळेचा. गोळी झोपण्यापूर्वी घेण्याऐवजी संध्याकाळी लवकर घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. वरील गणित त्याला लावून पाहू. डायफेनहायड्रामिन रात्री ११ ऐवजी ७ वाजता घेतल्यास सकाळचा शिल्लक अंश सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. हा लाभ दखल घेण्याजोगा आहे. परंतु क्लोरफेनिरामिनच्या बाबतीत तेच चार तास जेमतेम ११ टक्क्यांची घट देतात. दीर्घ अर्धायुष्याच्या औषधाची वेळ बदलण्यापेक्षा औषधच बदलणे श्रेयस्कर, हा निष्कर्ष यातून निघतो. डॉक्टरांना 'मला दिवसा परीक्षा आहे' किंवा 'मी वाहन चालवतो' हे स्पष्टपणे सांगितल्यास ते बहुधा फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन वा बिलास्टिन यांचा विचार करतात. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही. ते पाण्याबरोबरच घ्यावे. माँटेलुकास्ट व लेव्होसेटिरिझिन यांची जोडगोळी आपल्याकडे फार लिहून दिली जाते. माँटेलुकास्टमुळे काही जणांना निद्रानाश, दुःस्वप्ने व मनःस्थितीतील बदल होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर ठळक चौकटीतील इशारा बंधनकारक केला. परीक्षेच्या काळात असे बदल जाणवल्यास ते 'ताण' म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानावर घालावेत.

ज्यांना दरवर्षी याच ऋतूत त्रास होतो, त्यांच्यासाठी नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा हा अधिक प्रभावी उपचार मानला जातो. त्याने गुंगी येत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास मात्र काही दिवस ते दोन आठवडे लागतात. पेपरच्या आदल्या रात्री त्याची आठवण होऊन उपयोग नाही. परीक्षेचे वेळापत्रक हाती पडते तेव्हाच डॉक्टरांची भेट घ्यावी. निर्जंतुक वा उकळून थंड केलेल्या पाण्यातील मिठाच्या द्रावणाने नाक धुणे हा जवळपास बिनखर्चाचा पूरक उपाय आहे.

परागज्वर नसून साधी विषाणूजन्य सर्दी असेल, तर अँटिहिस्टामिनचा लाभ मुळातच तुटपुंजा असतो. उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात प्रौढांना पहिल्या एक-दोन दिवसांपुरता थोडा आराम दिसतो, पुढे नाही. इतक्या अल्प लाभासाठी परीक्षेचा दिवस पणाला लावणे हा वाईट सौदा होय.

कोणतेही नवे औषध, अगदी 'गुंगी न आणणारे'सुद्धा, परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रथमच घेऊ नये. सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावे आणि 'कसे वाटते' यावर न विसंबता दुसऱ्या सकाळी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. चुका मोजाव्यात. स्वतःच्या जाणिवेपेक्षा ही मोजणी अधिक विश्वासार्ह आहे. गुंगीच्या दिवशी दुचाकी घेऊन परीक्षा केंद्र गाठू नये. बस, रिक्षा किंवा घरातील कोणाची सोबत घ्यावी. मद्य वा झोपेच्या गोळ्या यांच्याशी या औषधांचा संयोग धोकादायक ठरतो. अभ्यासाच्या ताणाने झोप येत नाही म्हणून हीच गोळी घेण्याची प्रथा वसतिगृहांत दिसते. निरोगी तरुणांवरील एका प्रयोगात डायफेनहायड्रामिनचा झोप आणण्याचा परिणाम चौथ्या दिवशीच नाहीसा झाला होता. मग मात्रा वाढविण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे.

घरातील वृद्धांना आपली गोळी देऊ नये. त्यांच्यात पहिल्या पिढीच्या औषधांनी गोंधळलेपणा, लघवी अडणे व पडण्याचा धोका संभवतो.

माहितीची विषमता आणि शासनाची भूमिका

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, आरोग्यसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने हीच माहितीची विषमता सूत्रबद्ध केली. अँटिहिस्टामिनच्या बाबतीत ही विषमता दुहेरी आहे. ग्राहकाला गोळी घेण्यापूर्वी तिचा दोष माहीत नसतो आणि घेतल्यानंतरही तो नीट जाणवत नाही. जुनी मोटार निदान रस्त्यात बंद पडून आपला दोष सांगते.

अशा ठिकाणी नियमनाची आवश्यकता निर्माण होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या परिशिष्ट 'जी' मध्ये अँटिहिस्टामिन द्रव्यांचा समावेश असून, वैद्यकीय देखरेखीखेरीज हे औषध घेणे धोक्याचे आहे अशा आशयाची सूचना वेष्टनावर छापावी लागते. सूचना असते; परंतु ती बहुधा इंग्रजीत व सूक्ष्म अक्षरांत असते, आणि पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की ती दुकानातच राहते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश दिले.

किमतीच्या आघाडीवर चित्र अधिक समाधानकारक आहे. एकेकाळी दुसऱ्या पिढीची औषधे महाग असल्याने गरिबाच्या वाट्याला गुंगीच येत असे. सेटिरिझिन आता राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत असून २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार तिची कमाल किंमत ठरविली जाते. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांतूनही अशी जेनेरिक औषधे कमी दरात मिळतात. दोन पिढ्यांमधील किमतीची दरी इतकी अरुंद झाल्यावरही जुनी गोळी खपते, याचे कारण सवय आणि मिश्र गोळ्यांची सहज उपलब्धता हे होय.

हा खर्च केवळ गोळी घेणाऱ्यापुरता राहत नाही. रात्रभर मालमोटार हाकणारा चालक सर्दीची गोळी घेतो, तेव्हा त्याच्या गुंगीची किंमत समोरून येणारा कोणी अनोळखी मनुष्य मोजू शकतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अहवालात अतिवेग, चुकीच्या बाजूने वाहन चालविणे, मोबाईलचा वापर अशी वर्गवारी आहे. मद्य व अमली पदार्थ यांचा एक एकत्र रकानाही आहे. दुकानातून सहज मिळालेल्या सर्दीच्या गोळीसाठी रकाना नाही.